सीएमएमवर मोजलेले प्लेन आणि त्याचे अनपेक्षित आकडे

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमधल्या ज्या कारखान्यांत वाहनांचे आणि पंपांचे भाग मशीनिंग होऊन बाहेर पडतात, तिथल्या तपासणी विभागात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट केलेल्या टेबलावर, जॉब (तपासायचा भाग) ठेवून त्यावर डायल, म्हणजे उंचीतला फरक दाखवणारे काट्याचे उपकरण, फिरवून पाहिला तेव्हा वरचा पृष्ठभाग बरोबर होता, मग कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनच्या, म्हणजे सीएमएमच्या, रिपोर्टमध्ये तो बाद कसा झाला? किंवा याच्या उलट, सीएमएमने जाडी नेमकी ४० मिलिमीटर दाखवली असताना जुळणीच्या वेळी एका टोकाला फट का राहिली? सगळ्यांत सोप्या वाटणाऱ्या सपाट पृष्ठभागाबद्दलच हा गोंधळ अधिक होतो, आणि त्याचे कारण मशीनच्या बिघाडात क्वचितच सापडते. बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने दिलेला आकडा त्याला विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असतो. आपल्या मनातला प्रश्न मात्र वेगळा असतो. कोणते बिंदू घेतले, त्यांतून प्लेन, म्हणजे गणितातले सपाट प्रतल, कोणत्या पद्धतीने बसवले आणि ते कशाच्या सापेक्ष सांगितले, या तीन गोष्टींत तो फरक दडलेला असतो.

प्रोबच्या, म्हणजे यंत्राच्या स्पर्श करणाऱ्या दांड्याच्या, टोकावरचा रुबी बॉल जॉबला टेकतो त्या क्षणी यंत्र फक्त त्या बॉलच्या केंद्राचे स्थान नोंदवते. पृष्ठभाग तिथे कोणत्या दिशेला कललेला आहे, हे एका स्पर्शातून यंत्राला कळत नाही. असे काही बिंदू जमले की सॉफ्टवेअर त्यांमधून एक आदर्श, अमर्याद पसरलेले प्लेन बसवते आणि बॉलच्या त्रिज्येइतके ते जॉबच्या बाजूला सरकवते. यानंतर स्थान, कल आणि अंतर यांचे जे आकडे छापले जातात, ते या बसवलेल्या प्लेनचे असतात. प्रत्यक्ष पृष्ठभागाचे चढउतार फक्त फ्लॅटनेससारख्या आकड्यांत, म्हणजे बिंदू त्या प्लेनपासून किती दूर राहिले यात, शिल्लक उरतात.

अशा प्लेनचा रिपोर्ट सहसा सहा आकड्यांत येतो. एक्स, वाय, झेड हे तीन आकडे एका बिंदूचे स्थान सांगतात, आणि आय, जे, के हे तीन आकडे प्लेनवर काटकोनात उभ्या असलेल्या दिशेचे, म्हणजे नॉर्मलचे, घटक असतात. पहिला गैरसमज इथेच होतो. प्लेनला स्वतःचे असे एक स्थान नसते, त्यामुळे सॉफ्टवेअर सर्वसाधारणपणे मोजलेल्या बिंदूंचा मध्य, म्हणजे सेंट्रॉइड, दाखवते. वरच्या पृष्ठभागाच्या प्लेनसाठी एक्स आणि वाय यांचे आकडे केवळ ऑपरेटरने प्रोब कुठे कुठे टेकवला एवढेच सांगतात. त्या दोन आकड्यांपुढे लाल रंगात विचलन दिसले, तरी जॉबबद्दल त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि खरे तर ते रिपोर्टमध्ये छापूच नयेत. झेडचा आकडा मात्र महत्त्वाचा असतो, पण तोही सेंट्रॉइडच्या जागेचा झेड असतो. पृष्ठभाग कललेला असेल तर बिंदू सरकले की झेडही सरकतो.

दुसरा गैरसमज नॉर्मलच्या आकड्यांबद्दल होतो. समजा, २०० मिलिमीटर लांबीचे एक ॲल्युमिनियम हाउसिंग आहे आणि त्याचा वरचा पृष्ठभाग लांबीच्या दिशेने दर १०० मिलिमीटरला ०.०५ मिलिमीटर चढतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा चढ ०.१० मिलिमीटर होतो, म्हणजे बहुतेक ड्रॉइंगच्या दृष्टीने बराच मोठा. रिपोर्टमध्ये मात्र के चार दशांश स्थळांपर्यंत १.०००० असाच दिसतो, कारण त्याची खरी किंमत ०.९९९९९९८७५ असते. अंशांत पाहिले तर हा कोन जेमतेम ०.०३ अंश आहे. के एक आहे म्हणून प्लेन सरळ आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्याने आयचा आकडा पाहिलेला नसतो. तो इथे उणे ०.०००५ असतो आणि सगळी माहिती त्यातच असते. छोट्या कोनांसाठी आय आणि जे यांना लांबीने गुणले की चढ थेट मिलिमीटरमध्ये मिळतो. हा गुणाकार करायची सवय प्रत्येक तपासनिसाने लावून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

किती बिंदू घ्यावेत याबद्दल कारखान्यांत घाई दिसते, कारण प्रत्येक स्पर्श सायकल टाइम वाढवतो. तीन बिंदूंतून प्लेन नेहमीच तंतोतंत बसते, जशी तिपाई कोणत्याही ओबडधोबड जमिनीवर डुगडुगत नाही. म्हणून तीन बिंदूंच्या प्लेनचा फ्लॅटनेस ०.००० येतो आणि त्या शून्याचा पृष्ठभागाशी काही संबंध नसतो. चौथा बिंदू घेतला की फ्लॅटनेसचा आकडा दिसू लागतो, पण चार बिंदूंचा आकडा शून्यापेक्षा अधिक फसवा ठरू शकतो. एका चौरस पृष्ठभागाचे चार कोपरे मोजले आणि त्यांपैकी तीन कोपरे एका पातळीत असून चौथा ०.०४ मिलिमीटर उंच आहे, असे समजू. सॉफ्टवेअर प्लेन अशा रीतीने बसवेल, की उंच कोपरा आणि त्याच्या कर्णावरचा समोरचा कोपरा हे दोन्ही ०.०१ ने वर दिसतील, आणि उरलेले दोन ०.०१ ने खाली. फ्लॅटनेस ०.०२ छापला जाईल, म्हणजे प्रत्यक्ष उंचीच्या निम्मा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोष कोणत्या कोपऱ्यात आहे हे या आकड्यांतून अजिबात कळणार नाही, कारण निर्दोष असलेला समोरचा कोपराही तितकाच उंच दाखवला जातो. शिवाय बसवलेले प्लेन त्या उंच कोपऱ्याच्या दिशेने थोडे कलते, आणि हेच प्लेन डेटम, म्हणजे पुढच्या मापांचा आधार, म्हणून वापरले असेल, तर तो कल पुढच्या प्रत्येक मापात उतरतो. विचलनांचा रंगीत नकाशा पाहून चुकीच्या कोपऱ्यावर हात फिरवून बर, म्हणजे धातूची उरलेली बारीक कड, शोधत बसणारे लोक या भूमितीचे बळी असतात. पृष्ठभागावर दहा-बारा बिंदू नीट पसरून घेतले, तर एकटा चुकार बिंदू उठून दिसतो.

आता प्लेन बसवण्याच्या पद्धतींकडे वळू. बहुतेक सॉफ्टवेअर मुळात लीस्ट स्क्वेअर, म्हणजे कमीत कमी वर्गांची पद्धत, लावून ठेवतात. ही पद्धत लजांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली आणि गाउस यांनी १८०९ मध्ये ती ग्रहांच्या कक्षांच्या संदर्भात मांडली. अनेक निरीक्षणांमधल्या किरकोळ चुका एकमेकींत मिटवून सर्वांत संभाव्य उत्तर काढणे, हा तिचा हेतू होता. म्हणून ती स्थिर आहे, एका धुळीच्या कणाने फारशी हलत नाही आणि रोजच्या कामाला उत्तम आहे. पण ड्रॉइंगवरच्या फ्लॅटनेसचा अर्थ वेगळा आहे. आयएसओ ११०१ या मानकानुसार फ्लॅटनेसचा टॉलरन्स (चालू शकणारी तफावत) झोन म्हणजे ठरावीक अंतरावरच्या दोन समांतर प्लेनमधली जागा, आणि संपूर्ण पृष्ठभाग त्या जागेत मावतो का, एवढेच पाहायचे असते. त्यासाठी सर्व बिंदू सामावणारी सर्वांत अरुंद जागा शोधणारी मिनिमम झोन पद्धत हवी. तेच बिंदू घेऊन लीस्ट स्क्वेअरने काढलेला फ्लॅटनेस मिनिमम झोनइतका किंवा त्याहून जास्त येतो, कमी कधीच येत नाही. टॉलरन्सच्या काठावर असलेला जॉब लीस्ट स्क्वेअरने बाद ठरला, तर तो भंगारात टाकण्यापूर्वी त्याच बिंदूंवर मिनिमम झोनने पुन्हा हिशेब करून पाहणे हा त्या जॉबचा हक्क आहे.

तिसरी पद्धत पृष्ठभागाच्या बाहेरून टेकणाऱ्या, म्हणजे टँजेंट, प्लेनची. जॉब सरफेस प्लेटवर ठेवला की तो त्याच्या सर्वांत उंच ठिकाणांवर टेकतो, सरासरीवर टेकत नाही. जुळणीतही तसेच होते. म्हणून डेटमच्या कामात टँजेंट प्लेन वस्तुस्थितीच्या अधिक जवळ असते, पण ते मोजक्या उंच बिंदूंवर उभे असल्यामुळे एखादा कचरा किंवा बर त्याला सहज तिरपे करतो. कोणत्या मानकावर आणि त्याच्या कोणत्या आवृत्तीवर ड्रॉइंग आधारलेले आहे, हे पाहूनच डेटमची पद्धत निवडावी.

डायल आणि सीएमएम यांच्यातल्या भांडणाचे मूळही इथेच आहे. जॉबचा तळ सरफेस प्लेटवर ठेवून वरच्या पृष्ठभागावर डायल फिरवला, तर तो आकडा तळाच्या सापेक्ष वरच्या पृष्ठभागाची समांतरता सांगतो. त्याला फ्लॅटनेस म्हणण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे, पण ती चुकीची आहे. वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट असून तळाच्या सापेक्ष कललेला असेल, तर डायल मोठा आकडा दाखवील आणि सीएमएमचा फ्लॅटनेस लहान येईल. दोन्ही आकडे खरे असतील. डायलने फ्लॅटनेस पाहायचा असेल, तर जॉब तीन जॅकवर ठेवून वरचा पृष्ठभाग आधी लेव्हल करावा लागतो. सॉफ्टवेअर हेच काम गणिताने करते.

यातून रिपोर्ट तपासण्याची एक भक्कम कसोटी मिळते. एकाच पृष्ठभागाची समांतरता त्याच्या फ्लॅटनेसपेक्षा कमी असू शकत नाही, कारण डेटमला समांतर असलेल्या ज्या दोन प्लेनमध्ये तो पृष्ठभाग मावतो, त्याच दोन प्लेनमध्ये त्याचा फ्लॅटनेसही मावतो. लंबता आणि कोनीयता यांनाही हाच नियम लागू आहे. रिपोर्टमध्ये फ्लॅटनेस ०.०४ आणि समांतरता ०.०२ असे दिसले, तर दोन्ही मापे वेगवेगळ्या बिंदूंवर काढली आहेत, किंवा फ्लॅटनेस लीस्ट स्क्वेअरने मोजला आहे, किंवा समांतरता बिंदूंवरून न काढता केवळ कोनाला लांबीने गुणून काढली आहे, यांपैकी काहीतरी नक्की घडलेले असते.

सर्वांत जास्त पैसा आणि वेळ मात्र दोन प्लेनमधल्या अंतरावरून वाया जातो. दोन प्लेन अगदी समांतर नसतील, तर त्यांच्यात एकच असे अंतर नसते, आणि प्रत्यक्षात मोजलेली कोणतीही दोन प्लेन अगदी समांतर नसतात. तरीही सॉफ्टवेअरला एक आकडा द्यावाच लागतो. वरच्याच हाउसिंगचे उदाहरण घेऊ. तळ लेव्हल केलेला आहे, मधोमध जाडी ४०.००० आहे आणि वरचा पृष्ठभाग दर १०० मिलिमीटरला ०.०५ चढतो. बिंदू संपूर्ण पृष्ठभागावर पसरून घेतले तर सेंट्रॉइड मधोमध येतो आणि जाडी ४०.००० छापली जाते. डावीकडे पॉकेट (खोलगट खाच) असल्यामुळे कोणी फक्त उजव्या अर्ध्या भागात बिंदू घेतले, तर सेंट्रॉइड ५० मिलिमीटर उजवीकडे सरकतो आणि वरच्या सेंट्रॉइडपासून तळापर्यंतचे लंब अंतर ४०.०२५ येते. टॉलरन्स अधिक-उणे ०.०२ असेल, तर तोच जॉब एका प्रोग्रॅमने पास आणि दुसऱ्याने बाद होतो. त्याच बिंदूंवर अंतर मोजण्याचा क्रम उलटा केला, म्हणजे तळाच्या सेंट्रॉइडपासून वरच्या प्लेनवर लंब टाकला, तर उत्तर पुन्हा ४०.००० येते. आणि दोन सेंट्रॉइडमधले सरळ त्रिमितीय अंतर मागितले गेले, तर उत्तर ६४.०४७ येते, जे पाहून मशीन बिघडले म्हणून सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला जातो.

या चार आकड्यांपैकी ६४.०४७ हा सर्वांत निरुपद्रवी म्हणता येईल, कारण तो चुकीचा आहे हे कोणालाही दिसते. खरा धोका ४०.००० मध्ये आहे. ड्रॉइंगवर आयएसओ १४४०५-१ लागू असेल आणि वेगळी सूचना नसेल, तर जाडीसारखे माप समोरासमोरच्या दोन बिंदूंमध्ये, ठिकठिकाणी तपासायचे असते. या हाउसिंगची जाडी एका टोकाला ३९.९५ आणि दुसऱ्या टोकाला ४०.०५ आहे, दोन्ही टोके टॉलरन्सबाहेर आहेत. मायक्रोमीटर लावणारा जुना कारागीर हा जॉब ताबडतोब बाजूला काढील, तर सीएमएमचा देखणा रिपोर्ट त्याला हिरव्या रंगात पुढे पाठवील. म्हणून जाडी प्लेन ते प्लेन न मागता, वरचे निवडक बिंदू घेऊन त्यांच्या बरोबर खालचे बिंदू मोजावेत आणि किमान व कमाल अशा दोन्ही किमती छापाव्यात.

डेटमच्या छोट्या पृष्ठभागाबद्दल थोडक्यात सांगतो. २० मिलिमीटरच्या एका पॅडवर बिंदू घेऊन प्लेन बसवले आणि पॅडच्या एका कडेला ०.००५ मिलिमीटरची चूक झाली, तर २०० मिलिमीटर अंतरावर तीच चूक दहापट होऊन ०.०५ बनते. अरुंद पट्टीवर जवळजवळ एका रेषेत घेतलेल्या बिंदूंचे प्लेन त्या रेषेभोवती बिजागरीसारखे फिरते. दूरच्या फीचरचे माप प्रत्येक वेळी बदलत असेल, तर त्या फीचरला दोष देण्याआधी डेटमचे बिंदू किती पसरलेले आहेत ते पाहावे.

प्रोबशी संबंधित चुका ओळखणे त्या मानाने सोपे असते, कारण त्यांची खूण ठरलेली असते. बॉलचा व्यास २ मिलिमीटर असताना प्लेन नेमके २ मिलिमीटरने सरकलेले दिसले, तर त्रिज्येची भरपाई उलट्या बाजूला झाली आहे, म्हणजे प्लेनचा नॉर्मल उलटा आहे. नेमके १ मिलिमीटरने सरकले असेल, तर भरपाई झालेलीच नाही. उलट्या नॉर्मलमुळे दोन प्लेनमधला ९० अंशांचा कोन ९० च राहतो, पण ३० चा १५० होतो, आणि अंतराचे अधिक-उणे चिन्ह फिरते. याखेरीज, वरची बाजू एका प्रोब कोनाने आणि खालची दुसऱ्या कोनाने मोजली असेल, तर दोन्ही कोनांचे मास्टर बॉलवरचे, म्हणजे माहीत असलेल्या व्यासाच्या प्रमाण गोळ्यावरचे, कॅलिब्रेशन जितके चुकले असेल तितकी चूक सगळी जाडीत येते. दोन्ही कोनांनी एकच पृष्ठभाग मोजून पाहिला की ही पायरी लगेच दिसते. टच ट्रिगर प्रोबची कल्पना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या इंजिनातील बारीक नळ्या मोजण्याची अडचण सोडवताना मांडली. इतक्या वर्षांनंतरही त्यातून मिळणारी मूळ माहिती बॉलच्या केंद्राचीच असते, हे लक्षात ठेवले की या साऱ्या खुणा समजतात.

जॉब स्वतःही बदलत असतो. पातळ भिंतींचे ॲल्युमिनियमचे भाग क्लॅम्प आवळताच वाकतात आणि मोकळे केल्यावर परत जातात, त्यामुळे फिक्स्चरमधला फ्लॅटनेस आणि मोकळा फ्लॅटनेस यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. ड्रॉइंगवर कोणती स्थिती मागितली आहे हे पाहावे. तापमानाचा संदर्भ सर्वत्र २० अंश सेल्सियस आहे, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत शॉप फ्लोअर त्यापेक्षा खूपच तापलेला असतो. ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते. म्हणजे १० अंशांनी गरम असलेला २०० मिलिमीटरचा जॉब सुमारे ४६ मायक्रॉनने लांब मोजला जातो. सॉफ्टवेअरमधली तापमान भरपाई संपूर्ण जॉब एकसारखा गरम आहे असे गृहीत धरते. मशीनवरून नुकताच उतरलेला, वरून गरम आणि ग्रॅनाइट टेबलाला टेकून खालून थंड झालेला जॉब वाकलेला असतो, आणि ते वाकणे फ्लॅटनेसमध्ये जाते. त्याला भरपाईचा काही उपयोग होत नाही. तो जॉब काही तास तपासणी कक्षात ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

अनपेक्षित आकडा समोर आला, की प्रोग्रॅम बदलण्याआधी प्रत्येक बिंदूचे विचलन उघडून पाहावे. एकच बिंदू वेगळा असेल तर पृष्ठभाग पुसून तोच बिंदू पुन्हा घ्यावा. मात्र सॉफ्टवेअरच्या फिल्टरने तो परस्पर वगळू नये, कारण तिथे खरोखरच खड्डा किंवा उंचवटा असू शकतो. नंतर जॉब न हलवता मोजमाप पुन्हा करावे. आकडे जुळले नाहीत तर अडचण प्रोबमध्ये, स्वच्छतेत किंवा क्लॅम्पिंगमध्ये असते. जुळले तर जॉब टेबलावर १८० अंशांत फिरवून पुन्हा मोजावा. उंच भाग जॉबबरोबर फिरला तर तो जॉबचाच आहे. मशीनच्या त्याच बाजूला राहिला तर टेबल, फिक्स्चर किंवा मशीनची भूमिती तपासायला हवी. एवढे करूनही आकडा कायम राहिला, तरच फिटची पद्धत आणि अंतराचे सूत्र बदलून त्याच बिंदूंवर दुसरे उत्तर काढून पाहावे आणि दोन्ही उत्तरे जपून ठेवावीत.

अंबडच्या पुरवठादाराचा आणि चाकणच्या ग्राहकाचा रिपोर्ट जुळत नाही तेव्हा दोन्हीकडचे लोक आपापले कॅलिब्रेशन सर्टिफिकेट पुढे करतात, आणि दोन्ही सर्टिफिकेट बहुधा योग्यच असतात. त्याऐवजी बिंदूंच्या जागा व संख्या, डेटमसाठी आणि फ्लॅटनेससाठी वापरलेली फिट, अंतर कुठून कुठे काढले ते, आणि मोजताना जॉबचे तापमान, ही माहिती पहिल्याच रिपोर्टच्या खाली लिहिलेली असेल, तर दोन्हीकडचे इंजिनिअर एकमेकांचे आकडे आपापल्या मशीनवर पुन्हा काढून पाहू शकतात.